बोरकुटे साऊंड सर्व्हिस

दर आखाडीच्या मागंपुढं पुण्याहून कोणी ना कोणी येतं,
फागोजी नन्नावऱ्याचं घर विचारतं.
चौकात पहिलं दुकान माझं, म्हणून मलाच विचारतं.
घर राहिलं नाही, मी सांगतो, पुतण्यानं तिथं चक्की टाकली.
मग ते चक्कीचाच फोटो काढतात.

प्रश्न तोच.
‘काळी पाटी’ त्यांनी सोडली का?
एवढा नावाचा बँड, तीन कॅसेटी, ट्रकभर उजेड,
पोरं छातीवर त्याचा चेहरा छापून फिरत होती
तेव्हा हा माणूस गिटार गोणपाटात गुंडाळून
छोट्या रेल्वेनं नागभीडला का उतरला?

गावात उत्तरं पुष्कळ.
सरपंचीण म्हणते, बायकोपायी.
बायको तर त्याला कधी नव्हतीच.
हरिदास मास्तर म्हणतो, पैशावरून फाटलं.
किराण्याचा ढोक म्हणतो, दारू,
आणि ढोकाची वही पाहता त्याला बोलायचा हक्क आहे.

मला त्यानं सांगितलं ते एवढंच.
बोडीत फूटव्हॉल्व्ह बदलत होता, कमरेइतक्या पाण्यात.
पाना मागितला, मी दिला, आणि मधेच:
“कानात टिकटिक लावत होते ना बे, घड्याळावानी.
गानं तीन मिनिटं चाळीस सेकंदाचं.
पुन्यात तेवढंच, दिल्लीत तेवढंच.
माह्या मायचं गानं मी त्यायले देल्लं.
ते धुरा जवळ आला का धावते,
पाठ भरून आली का बसते.
बसूच देत नोहोते.”
मग म्हणाला, हा नाही, बारा नंबरचा दे.

मी काही बोललो नाही.
टिकटिक माझ्याही मशीनमध्ये आहे,
लग्नाच्या डीजेला लागते.

बावीस वर्षं त्यानं मोटारी भरल्या, तांब्याच्या तारेनं.
गिटारची जाड तार इसन कुंभारानं नेली,
चाकावरून मडकं कापायला बरी पडते म्हणून.
आमच्या घरी ज्या माठाचं पाणी पितात
त्याच्या बुडावर तिची रेघ आहे.
पुण्याच्या एका पोरीला ती दाखवली,
तर तिनं माठ विकत मागितला.
बायको म्हणाली, मग पाणी कशात ठेवू?

गाणी त्यानं नंतरही केली, पण कागदावर नाही.
बांधीच्या काठावर बसून एक ओळ टाकायचा,
रोवणाऱ्या बायका उचलायच्या, नाही तर चिखलात राहू द्यायच्या.
त्यानं ‘नदी’ म्हटलं होतं, निरंजनाबाईनं ‘बोडी’ केलं.
“नदी कुठी आहे आपल्या इथी?”
तो हसला, दुसऱ्या दिवशी स्वतःच बोडी म्हणाला.
कोणती ओळ त्याची, कोणती तिची,
आता निरंजनाबाईलाही सांगता येत नाही.
तिला विचारलं तर म्हणते, पऱ्हे सुकून राह्यले, सरक.

गेल्या साली मात्र बँडच आला.
तीन म्हातारे आणि एक नवा पोरगा ढोलावर.
शाळेच्या मैदानात मंडप माझा, आवाज माझा.
ऐन रोवण्याचे दिवस. बायका बांधीतून तशाच आल्या,
गुडघ्यापर्यंत चिखल, खुर्च्या खराब होतील म्हणून उभ्याच.
त्यांनी त्याचं ते नावाजलेलं गाणं धरलं.
खोटं कशाला बोलू, चांगलं वाजवलं.
पहिला म्हातारा रडत होता, तरी सुरात होता.
चौघांच्या कानात ते छोटं बोंडूक होतं.

मागून बायकांनी उचललं.
पहिल्या कडव्याला बरोबर होत्या.
दुसऱ्याला निरंजनाबाई बसली,
तिच्या पाठीचा मणका गेला आहे, ती तिथं बसतेच,
आणि तिच्यासोबत गाणंही बसलं.
बँड पुढं गेला. मला दोन्ही ऐकू येत होते,
एक स्पीकरमधून, एक असंच.
माझा हात बटणावर होता. कुठला आवाज कमी करावा
ते मला कळेना, म्हणून काहीच केलं नाही.

तीन मिनिटं चाळीसला बँड थांबला.
टाळ्या झाल्या, शाल-श्रीफळ झालं,
पाहुण्यांना गाडी गाठायची होती.
मी वायरी गुंडाळायला घेतल्या.
बायकांची दोन कडवी अजून बाकी होती.